संगट गेलेली

एम.ए.चा निकाल लागला त्याच वर्षी, २०२१ च्या दिवाळीत, मला पहिली नोकरी मिळाली. पदाचं नाव ‘क्षेत्र अन्वेषक’. पुण्याच्या एका संशोधन संस्थेचा आठ महिन्यांचा करार. नेमणुकीचं पत्र मोबाइलवर आलं तेव्हा आई-दादा टोळीबरोबर निघायच्या तयारीत होते. भांडी पोत्यात भरून झाली होती. दादांनी मला तीनदा विचारलं, म्हणजे नेमकं करायचं काय? मी सांगितलं, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर जायचं, काम कसं चालतं, मजुरी किती, उचल किती, हे विचारायचं आणि फॉर्म भरायचा.

दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजी आम्हाला इचारायचे तुला पैसे. अन् आम्हाला सांगायचे?”

आई हसली. “आवो, पोरीला सावलीत बसून मिळायलेत तर मिळू द्या की.”

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरकडेचं. पाऊस पडला तर ज्वारी, बाजरी, थोडा कापूस. नाही पडला तर काहीच नाही. दोन्ही परिस्थितीत दिवाळीनंतर गाव निम्मं रिकामं होतं. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, खाली कर्नाटक, जिकडं कारखाना तिकडं टोळी. मी आणि धाकटा भाऊ आजीपाशी राहायचो. शाळा सुटू नये म्हणून दादांनी आम्हाला कधी फडावर नेलं नाही, म्हणजे चौथीनंतर नेलं नाही. त्याआधीची तीन वर्षं मी पाचटावर झोपलेली आहे.

डिसेंबरात पुण्यात चार दिवसांचं प्रशिक्षण झालं. माणसाच्या कामाचा अभ्यास जगात कसा सुरू झाला, हे एका वयस्कर सरांनी फार रंगवून सांगितलं. अमेरिकेतला फ्रेडरिक टेलर हातात स्टॉपवॉच घेऊन कामगारांमागं उभा राहायचा. १९११ साली त्याचं पुस्तक आलं, त्यात एका मजुराची गोष्ट आहे. पोलादाच्या कारखान्यात लोखंडाच्या लाद्या गाडीत भरणारा हा मजूर. बाकीचे दिवसाला साडेबारा टन भरायचे, टेलरनं याला कधी उचलायचं, कधी बसायचं, हे सांगून साडेसत्तेचाळीस टन भरून घेतले. मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली. काम पावणेचार पटीच्या वर, पैसे दीडपटीच्या थोडे पुढं.

मला ती गोष्ट रात्री दादांना सांगितल्याशिवाय राहवलं नाही. टोळी तेव्हा सांगलीकडं होती. फोन स्पीकरवर. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “नुसतं उचलायचं ना त्याला? तोडायचं, सोलायचं, मोळी बांधायची, त्ये कोणी केलं?” मी म्हटलं, लोखंडाला कोण तोडतंय दादा. मग मागून आईचा आवाज आला, “त्याच्या बायकूचं काय लिव्हलंय त्यात?”

बायकोचं काही लिहिलेलं नव्हतं. तो मजूर कामावर यायच्या आधी आणि कामावरून गेल्यावर स्वतःचं छोटं घर बांधत होता, एवढं टेलरनं लिहिलंय. एवढं लोखंड उचलून आलेल्या माणसाला भाकरी कोणी घातली, याची त्याच्या घड्याळात नोंद नाही.

दुसरी गोष्ट शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याची. १९२४ पासून तिथं प्रयोग झाले. दिवे वाढवले तर काम वाढलं, दिवे कमी केले तरी काम वाढलं. सर म्हणाले, कोणीतरी आपल्याकडं बघतंय म्हटल्यावर माणूस वेगळा वागतो, हे अभ्यासकानं कायम ध्यानात ठेवावं. याचा अनुभव लगेच आला. आमची जीप पहिल्या तळावर पोहोचली त्या दिवशी सकाळीच मुकादमानं पाण्याचा टँकर मागवलेला होता. बायका म्हणाल्या, महिन्यात पहिल्यांदा.

इथं कोयत्याचं सांगायला हवं, कारण ज्यांच्या घरात फक्त साखर येते त्यांना ते ठाऊक असतंच असं नाही. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम विचारतो, “किती कोयते देता?” बाप आणि दोन लग्न झालेली पोरं असतील तर तीन कोयते, म्हणजे सहा माणसं. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कोणी सुखानं घेत नाही. आमच्याकडं पोरांची लग्नं हंगामाच्या तोंडावर उरकतात, त्यामागं हाच हिशेब असतो. पोरीचं वय बघायला मग कोणाला सवड नसते.

उचल कोयत्यावर मिळते. त्या वर्षी आमच्या टोळीत कोयत्याला लाखाच्या आसपास होती. ती दसऱ्याच्या आगेमागे घ्यायची, त्यातून जुनं देणं, दवाखाना, पोरांचं, किराणा, सगळं भागवायचं आणि मग चार-पाच महिने तोडून फेडायची. टनाला दर तेव्हा २७३ रुपये होता. जोडीनं राबून दिवसाला दीड-दोन टन होतात. पुरुष बुडख्यावर कोयता घालतो, बाई पाला सोलते, वाढे छाटते, ऊस गोळा करते, मोळी बांधते. अर्थात हे सांगायला झालं, बाईही तोडते आणि कित्येक ठिकाणी पुरुषाच्या पुढं तोडते. मग दोघंही मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवतात. पावसानं ती फळी निसरडी झाली की काय होतं, ते आमच्या गावात चार-पाच घरांना विचारा. एखादा दिवस काम बुडालं तर खाडा. आमच्या टोळीत खाड्याला ५०० रुपये कापायचे. आणि खाडा अर्ध्या कोयत्याचा नसतो. बाई आजारी पडली आणि गडी फडात गेला, तरी कोयता मोडला म्हणून खाडा लागतोच.

म्हणजे कापायच्या वेळी बाई पुरती मोजली जाते.

२०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेचे गुरुजी आमच्या घरी आले होते. मी सातवीत होते. गल्लीत दहातल्या सहा घरांना कुलूप. गुरुजी आमच्याच शाळेचे, घाईत होते. आजीला विचारलं, कोण कोण कुठं आहे. आजी म्हणाली, “ल्योक ऊस तोडायला गेलाय. सून त्याच्या संगट गेली.” त्या वेळी मला त्यात काही वाटलं नाही. आजी खोटं बोलत नव्हती. ती स्वतःही चाळीस हंगाम अशीच संगट गेलेली होती.

आमचा फॉर्म मात्र माणसागणिक होता. घरातल्या प्रत्येक माणसाची एक ओळ. नाव, वय, शिक्षण, मुख्य काम, कामाचे तास, दैनिक मजुरी. कामाचे कोड सरकारी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या धर्तीवर घेतले होते. त्यात ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम आणि सोबत सरपण, भाजी, गुरांचा चारा गोळा करणं, घरच्यासाठी शिवणटिपण वगैरे. हे दोन कोड पडले की ते माणूस कामगारांच्या हिशेबातून बाहेर.

मजा अशी की बायका आपणहून ९२ मध्ये जाऊन बसायच्या. पहिल्याच तळावर एका काकूंना विचारलं, तुम्ही काय काम करता? हाताला उसाचं कुसळ लागून चिरा पडलेल्या, त्यावर हळद-तेल लावलेलं. म्हणाल्या, “काय नाय, घरचंच. मालकाला हातभार.” मी ‘हातभार’ शब्दाला कोड शोधत बसले. माझ्याबरोबरचा शहरातला मुलगा भला होता. त्यानं ९२ टाकायला बोट उचललंसुद्धा. मी म्हटलं, थांब. प्रश्न बदलू. “काकू, काल सकाळी फडात किती वाजता गेलात?” “चारला.” “आलात किती वाजता?” “दिवस बुडाल्यावर. मग गाडी आली, ती भरली.” “आणि तुम्ही नाही गेलात तर?” “तर खाडा लागंल की!” असं चार प्रश्नांनी एक बाई ९२ मधून बाहेर काढावी लागायची. आमचे मुलंमुली पुढं पुढं सरावले, पण दिवसाला ठरावीक फॉर्म व्हायचे असत आणि चार प्रश्नांना वेळ लागतो.

दुसरी अडचण बायकांच्या कंटाळ्याची. आम्ही वह्या काढल्या की एखादी म्हणायचीच, “पिशवीचं इचारायला आलात का?” २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. सरकारनं समिती नेमली, पाहणी झाली. ८२,३०९ बायकांमध्ये १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आकडा भयंकरच, तो बाहेर आला हे बरंच झालं. पण त्यानंतर जो येईल तो तेवढंच विचारून जायचा. धारूरकडची एक मावशी मला म्हणाली, “पोरी, आमच्या अंगात पिशवी सोडून दुसरं काय न्हाईच का? मान हाय, कंबर हाय. त्याचं कोण इचारत न्हाई.” मी मान आणि कंबर समासात लिहून घेतली. फॉर्मवर जागा नव्हती.

आणि सगळ्यात मोठी अडचण त्या शेवटच्या रकान्याची, दैनिक मजुरीची. पुरुषाच्या ओळीत काय लिहायचं आणि बाईच्या ओळीत काय? पैसे टनावर, टन कोयत्याचा, कोयता मुकादमाच्या वहीत पुरुषाच्या नावावर. बाईला विचारलं, तुम्हाला किती मिळतात, तर ती नवऱ्याकडं बघायची. नवरा म्हणायचा, “तिला कशाला येगळे? घरातच आलेत की.” सुरुवातीला कोणी सगळी रक्कम पुरुषाच्या ओळीत टाकली आणि बाईच्या ओळीत शून्य, कोणी दोन्हीकडं पूर्ण, कोणी निम्मी-निम्मी. रात्री पुण्याहून मॅडमचा फोन आला, आकडे जुळत नाहीत. आमच्या मॅडम हुशार आणि सरळ बाई, प्रश्न ऐकून घ्यायच्या. बराच खल होऊन ठरलं, कोयत्याची मजुरी भागिले दोन. सगळ्यांना बरं वाटलं.

मला नाही वाटलं. भागिले दोन केल्यानं तक्त्यात बाईचं नाव येतं हे खरं. पण वाचणाऱ्याला वाटणार, तिला २७३ रुपये रोज मिळतो. मिळत तर काहीच नाही. मी मॅडमना म्हटलं, एक प्रश्न वाढवा, ‘या हंगामात रोख पैसे तुमच्या स्वतःच्या हातात कशाचे आले?’ त्यांनी वाढवू दिला. उत्तर जवळजवळ प्रत्येक कोपीत एकच यायला लागलं, वाढ्याचे.

वाढे म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. फड संपला की बाई वाढ्यांच्या पेंढ्या बांधते, आणि गावातले गाई-म्हशीवाले त्या विकत घेतात. टनाच्या हिशेबात ते येत नाही, मुकादमाच्या वहीतही नाही. त्याच पैशात आठवड्याचा बाजार, चहापत्ती, तेल, पोराची गोळी-औषधं. काही ठिकाणी ऊसमालकच वाढे स्वतःला ठेवून घेतो, तिथल्या बाईचे हात हंगामभर कोरडे. पाच महिने उसात राबून बाईच्या मुठीत जे पडतं ते उसाचं नसतं, गुरांच्या चाऱ्याचं असतं. सरकारी कोडांत चारा गोळा करणं हे घरकामाच्या शेपटीला बांधलेलं आहे, हे मला तेव्हा फार लागलं.

वेळेचंही असंच. मॅडमनी सांगितलं की २०१९ मध्ये सरकारनं सगळ्या देशात वेळवापराची पाहणी केली. आदल्या दिवशी पहाटे चारपासून त्या दिवशी पहाटे चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाला माणूस काय करत होतं, ते लिहायचं. आपणही थोड्या जणींचं असं चोवीस तासांचं लिहू या, असं ठरलं. सराव म्हणून मी आईचं लिहिलं. ती आमच्या नमुन्यात नव्हती, घरच्यांना घ्यायचं नाही असा नियम होता, म्हणून तो कागद माझ्यापाशीच आहे.

एका रविवारी मी त्यांच्या तळावर मुक्कामाला गेले. आईकडं घड्याळ नाही. कारखान्याच्या भोंग्यावर आणि चांदणीवर तिचं चालतं. उठली ती तीनला. चूल, पाणी, दुपारपर्यंतच्या भाकरी, कालवण. म्हणजे सरकारी दिवस सुरू व्हायच्या आधी तिचा एक तास होऊन गेलेला. चारला दोघं फडाकडं निघाले, मीही मागं. बॅटरीच्या उजेडात तोड सुरू. थंडी इतकी की पाल्यावरचं दव अंगात शिरून लुगडं पिळावं लागेल असं. नऊला बांधावर बसून दोघांनी भाकरी खाल्ली. दादा तंबाखू मळत पाच-सात मिनिटं टेकले. आई तेवढ्यात मोळ्यांचे बंध ओढत होती. दोनपर्यंत तोड. मग मोळ्या बांधणं. चारला गाडी येणार होती, ती साडेसहाला आली. त्या अडीच तासांत दादा बांधावर आडवे झाले. आईनं सरपण गोळा केलं, वाढ्याच्या पेंढ्या रस्त्याला नेऊन विकल्या, पाणी आणलं. गाडी भरायला साडेनऊ. मग स्वयंपाक. अकराला अंग टाकलं. मी मोबाइलच्या उजेडात लिहीत होते. ती झोपेत म्हणाली, “लिव्हलंस का समदं?” आणि दीडला मुकादमाची हाक, दुसरी गाडी आली. रात्रीची गाडी भरली नाही तर ती दुसऱ्या टोळीकडं जाते. दोघंही उठले. तीनला परत आले. आई झोपलीच नाही, चूल पेटवली.

दादांना मी दोष देत नाही. त्यांच्याही अंगात काही उरलेलं नसतं, पन्नाशीच्या आतच त्यांचे गुडघे गेले. पण कागदावर दोन ओळी शेजारी शेजारी मांडल्या की दिसायचं ते दिसतंच. मी तो कागद दुसऱ्या दिवशी दोघांना वाचून दाखवला. दादा म्हणाले, “एवढं इस्कटून लिव्हायची काय गरज?” पण त्या दिवशी सरपण त्यांनी आणलं. हॉथॉर्नच म्हणायचं. मी निघून आल्यावर किती दिवस आणलं ते आईनं सांगितलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी सांगलीकडच्याच दुसऱ्या एका तळावर ती बाई भेटली, जिच्यामुळं हे सगळं मला लिहावंसं वाटलं. पस्तिशीची असेल. कोयता तिचा आणि तिच्या पंधरा वर्षांच्या मुलाचा. नवरा आदल्या हंगामात फडात साप चावून गेला होता. हंगाम अर्धा राहिलेला, उचल अर्धी फिटलेली. मुकादम मातीला आला होता, हजार रुपये हातावर ठेवून गेला. दिवाळीला परत आला आणि म्हणाला, बाकी हाय. मग तिनं पोराला नववीतून काढलं, कोयता पुरा केला आणि आली.

मुकादम तसा बोलायला बरा होता. त्यानं मला वही दाखवली. तिच्या कोयत्यापुढं अजून नवऱ्याचंच नाव होतं. मी विचारलं, हे तर वारले ना? म्हणाला, “खातं त्याचं हाय ना मॅडम. फिटलं की खोडू.”

मी तिला विचारलं, वहीत तुमचं नाव घाला असं म्हणालात का नाही? ती माझ्याकडं बघत राहिली. “नाव त्याचंच हाय,” ती म्हणाली. “फेडायलेय मी.” मग तिनंच मला विचारलं, “तुमच्या कागदात लिव्हता का मव्हं नाव?” मला सांगावं लागलं की आमच्या कागदात कोणाचंच नाव राहत नाही. आकडा राहतो, नाव गुप्त ठेवायचा नियम आहे. तो नियम चांगल्यासाठी आहे, मुकादमाला कळू नये म्हणून, हेही सांगितलं. तिला ते पटलं का नाही कोण जाणे. “बरं,” म्हणाली आणि मोळी उचलायला गेली. नियम चांगला आहे हे मी आजही म्हणेन. पण जिचं नाव कुठंच नाही तिला ‘तुमचं नाव आम्ही लपवू’ असं सांगताना जीभ जड होते.

पट्टा पडला, टोळ्या गावी परतल्या, आणि आम्ही पुण्यात आकडे भरायला बसलो. संस्थेच्या ग्रंथालयात मला यान ब्रेमन यांचं लिखाण हाती लागलं. हे डच समाजशास्त्रज्ञ १९६२ पासून दक्षिण गुजरातच्या खेड्यांत फिरून मजुरांचा अभ्यास करत आले. १९७८ साली त्यांनी बारडोलीच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीवर लिहिलं. तिथले मजूर आपल्या खानदेशातून गेलेले. तेच सगळं, मुकादम, आगाऊ रक्कम, रात्री-बेरात्री येणारी गाडी, आणि तोच शब्द, कोयता. कारखाने सहकारी, भागधारक शेतकरी, आणि दारातल्या भूमिहीन मजुराला बाजूला ठेवून लांबून माणसं आणायची, कारण लांबचं माणूस रात्री हाकेला उठतं, हे त्यांनी नीट उलगडून दाखवलंय. मी डिक्शनरी घेऊन तीन दिवस वाचलं. माझ्या जन्माच्या वीस वर्षं आधीचं ते. आनंद झाला की कोणीतरी एवढं बारीक बघितलं होतं. आणि रागही आला. एवढं छापून येऊन इतकी वर्षं झाली, आई अजून दीड वाजता उठते.

आमचा अहवाल २०२३ मध्ये आला. इंग्रजीत, गुळगुळीत कागद, वर उसाच्या फडाचा फोटो. बायका कामगार म्हणून मोजल्या गेल्या, ही जमेची बाजू. वाढ्याचा प्रश्न एका तळटिपेत गेला. चोवीस तासांचे कागद शेवटी परिशिष्टात. मॅडम म्हणाल्या, त्यांनी वाढ्यावर वेगळं प्रकरण मागितलं होतं, पण पैसे देणाऱ्यांना पानं कमी हवी होती. मी त्या परिशिष्टाचं मराठी केलं, वीस झेरॉक्स काढल्या आणि ज्या गावच्या बायकांना भेटले होते तिथल्या जमेल तेवढ्या जणींना नेऊन वाचून दाखवल्या. हे काही करारात नव्हतं. बहुतेक जणी म्हणाल्या, बरोबर हाय. एकीनं विचारलं, “याचं पुढं काय व्हतं?” खरं उत्तर असं की याचं पुढं थोडंच होतं. २०२१ पासून ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगार म्हणून ओळखपत्र द्यायचं ठरलंय, ते बाईलाही मिळतं. ते काढून घ्या, नवऱ्याचं काढलं म्हणजे झालं असं समजू नका, एवढं मी प्रत्येक ठिकाणी सांगितलं.

२०२४ च्या जानेवारीत दरवाढ झाली. ३४ टक्के. टनाला ३६६ रुपये. कोयता मात्र तोच.

त्या वर्षी दिवाळीआधी मुकादम आमच्या घरी आले. बाँडपेपर, शाईचा पॅड, सगळं पिशवीत. उचलीचा आकडा ठरला. मुकादमांनी दादांचं नाव लिहिलं, तेवढ्यात आई चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “मव्हं बी नाव लिव्हा.”

मुकादमांना वाटलं ती थट्टा करतेय. “कशाला वहिनी? नाव लिव्हलं की उचल बी तुमच्या नावावर चढंल. उद्या काय झालं तर तुमच्याकडं मागावी लागंल.”

“आत्ता कोणाकडं मागता?” आई म्हणाली. “धारूरच्या त्या बाईकडं मागितलीच की. नाव व्हतं का तिचं?”

ती बाई आईनं कधी पाहिलेली नाही. माझ्याच तोंडून ऐकलेली. मुकादमांनी दादांकडं बघितलं. दादा जमिनीकडं बघत होते. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मला भीती वाटत होती, की मुकादम उठून जातील आणि यंदाची उचल हातची जाईल. भावाची फी त्याच उचलीतून जायची होती.

“लिव्हा,” दादा म्हणाले.

मुकादमांनी दादांच्या नावाखाली आईचं नाव लिहिलं. आधी ‘अमक्याची बायको’ असं लिहायला लागले होते. मी म्हटलं, नाव लिहा काका, ओळखपत्रावर आहे तसं. मग पूर्ण लिहिलं. दोघांच्या नावांना मिळून एक कंस काढला आणि पुढं लिहिलं, कोयता १.

दादांनी अंगठा दिला. आईनं पॅड ओढून घेतला. मुकादम म्हणाले, अंगठा एकाचा असला तरी चालतंय. “मग नाव कशाला लिव्हलं?” असं म्हणून तिनं मला विचारलं यातलं तिचं नाव कोणतं, आणि मी बोट ठेवलं तिथं शेजारी तिनं अंगठा दाबला. शाई लुगड्याला लागू नये म्हणून हात लांब धरून ती आत गेली आणि तिथूनच तिनं विचारलं, मुकादम साखर किती घेतात चहात.